अकरा कुळांचे तात्या

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी स्वतः पालीला भिते, आमचे हे माझ्या आईला भितात, आणि आमच्या शाळेचे हेडमास्तर केंद्रप्रमुखांच्या मोटारसायकलच्या आवाजाला भीत. पण कोरीटला ज्यांच्या घरात मी सात वर्षं भाड्यानं राहिले, ते आमचे घरमालक तात्या ज्या तब्येतीनं भीत, तसं भिणं साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला साधलं नसेल. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, मिरची-पपईचं भरलेलं शेत, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला माणूस ओ द्यायचा. असा हा माणूस भ्यायचा तो नावांना. साप निघाला तर तात्या काठी घेऊन पुढं व्हायचे, पण कोणी नवा माणूस नाव सांगू लागला की दोन पावलं मागं सरकायचे. खोली बघायला गेले त्या दिवशी मी माझं नाव सांगितलं, तर तात्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "कोनी ठेवं हाई नाव? मायनी का?" मी म्हटलं, आत्यानं. तात्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग चालस. आत्यानं ठेयेल नाव लागत नही." आणि खोली मला मिळाली.

या भीतीचं मूळ देवघरात होतं. तात्यांचं घर म्हणजे खंडेरावाच्या टाकाचं, एकादशी पाळणारं. पण त्या टाकाच्या वरच्या फळीवर काळ्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड मराठी पुस्तक होतं, हिब्रू लोकांच्या शास्त्राचं. फार वर्षांपूर्वी नवापूरकडच्या एका दवाखान्यात एका सिस्टरनं ते तात्यांना वाचायला दिलं होतं, ते परत करायचं राहून गेलं. धर्म बदलावा असं तात्यांच्या मनातही कधी आलं नाही. सबंध पुस्तकातली त्यांनी वाचली होती ती दोन-तीन प्रकरणं, पण ती इतकी वाचली होती की पुस्तक कुठूनही उघडलं तरी तिथंच उघडायचं. ही प्रकरणं याकोब नावाच्या एका मेंढपाळाच्या घरातली. दोन सख्ख्या बहिणी, लेआ आणि राहेल, एकाच नवऱ्याला दिलेल्या. शिवाय प्रत्येकीची एकेक दासी. पोर झालं की बाईच्या तोंडून जे निघेल त्यावरून त्याचं नाव. नावडती लेआ म्हणाली, देवानं माझं दुःख पाहिलं, तर पोराचं नाव रऊबेन, म्हणजे पाहा. पुढच्या वेळी म्हणाली, देवानं माझं ऐकलं, तो शिमोन. मग म्हणाली, आता तरी नवरा माझ्याशी जोडून राहील, तो लेवी. चौथ्या वेळी तिनं नवऱ्याचा नाद सोडला आणि नुसती देवाची स्तुती केली, तो यहूदा. हीच पोरं पुढं वाढली, त्यांची कुळं झाली, कुळांचे मुलूख झाले.

"दखा बाई," तात्या आवाज खाली आणून सांगायचे, "बाई थकेल व्हती, वैतागेल व्हती, सहज बोली गयी. आनि हजारो वर्सं तेच चिटकी गयं. इतला मोठा कुळ, लढाया करस, राज करस, आनि नावमा काय शे? त्या बाईनी कटकट." हे सांगताना त्यांच्या अंगावर खरोखर काटा यायचा, मनगट पुढं करून ते तो दाखवायचेही. मला पहिल्यांदा हसू आलं. मग आपण दिवसभरात काय काय सहज बोलून जातो ते आठवलं आणि हसू थोडं आवरलं.

नावं मोकळी फिरत राहिली तर कोणाला तरी धरतील, म्हणून तात्यांनी ती आपल्या गुराढोरांवर आणि चीजवस्तूंवर बसवून टाकली होती. पुढचं नीट बघणारा बैल रऊबेन, हाकेला कान देणारा शिमोन. पायापायात घोटाळणारा कुत्रा लेवी. पहाटे देवाची स्तुती करणारा कोंबडा यहूदा. निवाडा करतो तो दान, म्हणून मिरची तोलायचा काटा दान. नफताली म्हणजे झुंज; ती म्हैस होती आणि नावाला जागत होती. नशिबानं पाणी लागलेली बोअर गाद, लिंबाखालची सुखाची खाट आशेर, दुसऱ्याच्या शेतात मोबदल्यावर जाणारा ट्रॅक्टर इस्साखार. योसेफ म्हणजे आणखी एक होवो. दर सहा महिन्यांनी व्यायची ती शेळी योसेफ. आणि जबुलून, म्हणजे वस्ती, ती माझी खोली. सात वर्षं मी जबुलूनात राहिले. पोस्टमनलासुद्धा तात्या सांगत, "बाई जबुलूनमा शेतस," आणि तो बिचारा मान डोलावून जायचा.

एका रविवारी भाजी निवडता निवडता मी ही कुळं बोटांवर मोजली. अकरा भरली. कुळं तर बारा, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी सहज विचारलं, "तात्या, बारावं कुठंय?" तात्यांचा चेहरा उतरला. "बाई, तव्यावरनी भाकर जयी ऱ्हायनी," ते म्हणाले. मी भाकरी टाकलीच नव्हती, तरी घाबरून धावत आत गेले. परत आले तर तात्या शेताकडं निघून गेले होते. त्यानंतर माझ्या लक्षात येऊ लागलं की हा माणूस बारा हा आकडा तोंडातून काढतच नाही. घड्याळात बारा वाजले की "जेवनना टाइम" व्हायचा. केळीवाल्याकडून डझन घेतलं तर एक केळं मोडून ते त्याच्याच गाडीवर ठेवून यायचे. केळीवाल्याला वाटायचं, म्हातारा देवमाणूस आहे. आणि पुस्तकातली दोन पानं एकमेकांना चिकटलेली आहेत अशी माझी समजूत होती, ती एकदा मी जवळून पाहिली. ती चिकटलेली नव्हती. मिरचीची पोती शिवायच्या दाभणानं आणि सुतळीनं चारी बाजूंनी शिवलेली होती.

गावात तात्यांच्या या भीतीची साथच पसरली होती. आमच्याकडं पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवतात. तात्यांचं म्हणणं, सटवाई नंतर येते, त्याआधी आई बोलून चुकलेली असते. म्हणून कोणाच्या घरी बाळंतपण असलं की तात्या पेन्सिलीचा तुकडा कानामागं अडकवून आरोग्य उपकेंद्राबाहेरच्या बाकावर हजर. आत असलेल्या म्हातारीनं बाळंतिणीचं पहिलं वाक्य बाहेर आणून सांगायचं, आणि त्यावरून तात्या, पोराचं भलं होईल असं एखादं बिनधोक नाव काढून द्यायचे. गरोदर बाया या बाकाला इतक्या भ्यायच्या की महिनाभर आधी चांगलंसं वाक्य पाठ करायच्या. एकीनं 'देव सर्वांना सुखी ठेवो' असं घोकलं होतं, ऐन वेळी ती सासूला म्हणाली, "आते तरी तोंड बंद करा." तात्यांनी बाहेर बसून पुष्कळ विचार केला आणि पोराचं नाव काढलं शांताराम. माझ्या बाळंतपणात मीही काही कमी भ्याले नव्हते. शुद्धीवर येताच मी विचारलं होतं, "माझा चष्मा कुठंय?" तात्यांचा चेहरा खुलला. हे तर रऊबेनाच्या घराण्यातलं! माझ्या मुलाचं नाव दर्शन आहे ते असं.

साऱ्या गावाच्या पोरांना नावं देणारा हा माणूस स्वतःच्या एकुलत्या एक मुलीला मात्र नावानं कधी हाक मारायचा नाही. तिला जन्म देतानाच तिची आई गेली होती, एवढं मला ठाऊक होतं. शाळेच्या दाखल्यात जुन्या हेडमास्तरांनी आपल्या मनानं 'सुनीता' लिहिलं होतं. गाव तिला ताई म्हणायचं आणि तात्या म्हणायचे नुसतं "माय". तात्या जितके भित्रे तितकी ही पोर बेडर. इस्साखार तीच चालवायची, मिरचीच्या गाड्या तीच भरून द्यायची, व्यापाऱ्याशी तीच भांडायची. तात्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही तिच्याच लक्षात असायच्या. ती विहिरीच्या काठावर चढली की तात्या डोळे मिटून घ्यायचे. खांडबाऱ्याला तिचं लग्न झालं, नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. तिला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून तात्यांनी बारा तर सोडाच, अकराही म्हणायचं बंद केलं. दहावर ते थांबायचे आणि इकडंतिकडं बघायचे.

पहिलं बाळंतपण माहेरी, नंदुरबारला डॉक्टर ठरलेला, सगळं नक्की होतं. पण सातव्या महिन्यात ती चुलत नणंदेच्या हळदीला म्हणून दोन दिवस खांडबाऱ्याला गेली आणि तिथंच तिला कळा सुरू झाल्या. सकाळी दहाला तात्या माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. एका पायात बूट, एका पायात चप्पल, काखेत ते काळं पुस्तक. "मायले कळा लाग्यात," ते म्हणाले. मी पोरांना शेजारच्या वर्गात बसवलं आणि गावातली एक जीप करून आम्ही निघालो. वाटेत तात्या एवढंच बोलले, की तिला त्याच दवाखान्यात नेलंय. कुठल्या त्याच, हे मी विचारलं नाही. त्यांच्या काखेतल्या पुस्तकाकडं पाहूनच मला कळलं.

दवाखान्यात एका तरुण सिस्टरनं फॉर्म पुढं करून विचारलं, बाळंतिणीचं नाव काय? तात्या भिंतीकडं पाहत राहिले. मीच सांगितलं. डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, दिवस भरलेले नाहीत, रक्तस्राव होतोय, आम्ही करतोय ते सगळं, तुम्ही रक्त देणारं कोणी असेल तर बघून ठेवा. तिच्या नवऱ्याला फोन केला, तो सुरतेहून गाडीत बसला होता, म्हणजे पोचायला संध्याकाळ होणारच. व्हरांड्यात उन्हाची तिरीप आमच्या पायाशी येऊन थांबली होती. ती मला धाकट्या बहिणीसारखी होती, दर्शनला तिनं खांद्यावर वाढवलं होतं.

"बाई, हाऊच व्हरांडा," तात्या म्हणाले. "त्या खिडकीपास मन्ही बायकोनी खाट व्हती."

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. त्या दिवशी त्यांच्या बायकोला कळा येत-जात होत्या. तिचं मन रमावं म्हणून सिस्टरनं पुस्तक दिलं आणि तात्या मोठ्यानं वाचू लागले. अकरा पोरांचे जन्म वाचून झाले. ती कळांमध्येही हसत होती. शेळीसारखी पोरं होताहेत या बायांना, म्हणाली. मग थोडी पानं उलटून तात्या बाराव्याच्या जन्माशी आले. राहेल वाटेत अडली आहे, सुईण तिला भिऊ नको म्हणते आहे, आणि जीव जाता जाता राहेल पोराचं नाव ठेवते बेनोनी. खाली बारीक अक्षरात अर्थ होता: माझ्या दुःखाचा मुलगा. तात्यांनी तोही वाचला.

"तशी ती बोलनी, बंद करा ते, माले भ्याव वाटी ऱ्हायनं," तात्या म्हणाले. "मी झटकन बंद करं. मंग तिले आत लई गयात. पोर उनी, आनि ती गयी. भ्याव वाटी ऱ्हायनं, हाईच तिन्हं शेवटलं बोलनं, बाई. म्हनजे मन्ही आंडेरनं, मन्ही पोरनं, नाव काय व्हयनं? तुम्हीच सांगा. आनि तिले भ्याव कोनी घालं? मीच वाची ऱ्हायनू व्हतू ना."

सत्तावीस वर्षं हा माणूस हे एकट्यानं घेऊन हिंडत होता आणि आम्ही त्याच्या शेळीच्या नावाला हसत होतो. मला त्यांची इतकी कीव आली की राग आला. मी घाबरले की मला रागच येतो. मी म्हटलं, "द्या इकडं ते पुस्तक." केसातली पिन काढली आणि ती पानं उसवायला बसले. "नका, बाई, आज नका!" म्हणून तात्या उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. सुतळी जुनी होऊन दगडासारखी झाली होती. माझं बोट रक्ताळलं, पण पानं सुटली. मी ती ओळ शोधली आणि वाचली, आणि पुन्हा वाचली, आणि तात्यांचा एक हात त्यांच्या कानावरून ओढून काढला.

"तात्या, तुम्ही अर्धंच वाक्य वाचलंत. पुढं आहे. आईनं दुःखाचा मुलगा म्हटलं, पण बापानं ते राहू दिलं नाही. बापानं नाव बदललं. बन्यामीन ठेवलं. खाली अर्थ दिलाय, उजव्या हाताचा मुलगा. बाराव्या कुळाला तेच नाव लागलंय. दुसरं कुठंच राहिलं नाही."

बन्यामीन हे नाव तात्यांनी कुळांच्या यादीत पाहिलं असणारच. पण ते कोणी ठेवलं, कशावरून ठेवलं, हे शिवलेल्या पानात होतं. तात्या खाली बसले. चष्मा काढून, पुसून, त्यांनी ती ओळ स्वतः वाचली. एकेका शब्दावर बोट ठेवून, पहिलीतलं पोर वाचतं तसं. "बापले बदलता येस?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "इथं तरी तसंच लिहिलंय."

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, अगदी बारीक. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, मुलगी आहे, लहानखुरी आहे पण ठीक आहे. "आनि माय?" तात्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाली, थांबा जरा, आणि दार लावून घेतलं. ते दार किती वेळ बंद होतं मला सांगता येणार नाही. उन्हाची तिरीप पायावरून सरकून भिंतीवर चढली. मला तात्यांची सारी भीती एकदम खरी वाटू लागली. आतून कोणी काही बोलूच नये, कोणी एक शब्द उच्चारू नये, असं वाटू लागलं. तात्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते ओठातल्या ओठात मोजत होते. दहाला थांबायचे, पुन्हा एकपासून.

शेवटी दार उघडलं आणि सिस्टरनं मला एकटीला आत बोलावलं. ती पांढरीफटक पडली होती, एका हाताला बाटली लावलेली. रक्त थांबलं होतं. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "बाई, तात्यानी गोई लिधी का?"

मी बाहेर आले तर तात्या उभेच होते, पेन्सिलीचा तुकडा हातात. "काय बोलनी?" मी सांगितलं. त्यांनी खिशात हात घातला, गोळ्यांची पट्टी बाहेर काढली. सकाळची गोळी तशीच होती. कोरडीच गिळली त्यांनी ती. मग पेन्सिल बाकावर ठेवून आत गेले आणि तिचा मोकळा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "माय, तुन्हं नाव मी आज ठेवस. बन्यामीन."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, तात्याले ऊन लागनं का?"

"व्हई, लागनं," मी म्हटलं. पण तात्यांनी तिला अर्थ सांगितला. मन्हा उजवा हात, म्हणाले. तेव्हा ती हसली नाही. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि मीही बाळाला बघायचं निमित्त करून तिथून निघाले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

नातीचं नाव तात्यांनी काढलं नाही. गोळीचं ते वाक्य बाळाबद्दल नव्हतंच, आपल्याबद्दल होतं, असं त्यांचं मत पडलं. जावयानं मोबाईलवर शोधून 'हिया' की काय ठेवलं, ज्याचा अर्थ कोणालाच सांगता येईना. मी तात्यांकडं भीत भीत पाहिलं. ते खाटेवर आडवे होत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बदलता येस."

माझी बदली होऊन आता तीन वर्षं झाली. इथं माझ्या खोलीला नाव नाही, नुसता नंबर आहे. गेल्या हिवाळ्यात मुद्दाम कोरीटला जाऊन आले. तात्यांना आता दिसायला कमी येतं, रऊबेन आणि शिमोन दोघंही राहिले नाहीत. पुस्तक त्याच फळीवर आहे. उसवलेल्या पानांच्या कडेनं दाभणाची भोकं तेवढी दिसतात. निघताना माझ्याबरोबर काठी टेकत तात्या स्टँडपर्यंत आले. केळीच्या गाडीशी थांबले, काही तरी बोलले, आणि एसटीच्या खिडकीतून पिशवी माझ्या हातात दिली. "दर्शनले द्या," म्हणाले. गाडी हलली. हात हलवत उभे असलेले तात्या दिसेनासे झाले, आणि मग सात वर्षांच्या सवयीनं मी पिशवीतली केळी मोजली. बारा होती.